आधी मला विचारा

विरार (पश्चिम)
१२ जानेवारी २०२५

चि. शत्रुघ्न यास आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र दसऱ्याच्या आठवड्यात आलं आणि मी हे संक्रांतीच्या तोंडावर लिहितोय. मधे तीनदा लिहिलं होतं. पहिलं फाडलं, कारण त्यात मी रागावलो होतो. दुसरं फाडलं, कारण त्यात मी रडलो होतो. तिसरं पेटीत टाकलं आणि घरी पोचेपर्यंत खात्री वाटेना की पिनकोड बरोबर लिहिलाय. परत गेलो. पोस्टातल्या बाईंना म्हटलं, पेटी उघडा. त्या म्हणाल्या, आजोबा, पेटी चारला उघडते. चारपर्यंत बसलो. पिनकोड बरोबर होता. पण बसल्या बसल्या वाटायला लागलं की आतला मजकूरच चुकलाय, म्हणून तेही फाडलं.

तुझी वहिनी म्हणते, "सहा किलोमीटरवर भाऊ राहतो, रिक्षा करा नि जा. पत्रं कसली लिहिता?" तिला काय सांगू? तू फोन ठेवत नाहीस. शेजारच्या फेलिशियाच्या फोनवर करावा, तर ती आता माझा नंबर पाहिला की उचलत नाही. दिवाळीत मी एका दिवसात सतरा वेळा केला असं तिचं म्हणणं. मला वाटतं चौदा. आणि स्वतः आलो की मी तुझ्या गोळ्या मोजत बसतो, म्हणून तूच बजावलंस की दादा, महिन्यातून एकदा ये, बाकीचं लिहून पाठव. बरं, लिहितो.

पत्रासोबतचा तुझा कागद मी विकीला वाचायला लावला. मी सातवीपर्यंत शिकलेला, कायद्याची भाषा मला उलगडत नाही. विकी म्हणाला, "पप्पा, सोपं आहे. काकाने आधीच लिहून ठेवलंय की पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर काय उपचार करावेत नि काय करू नयेत. नवीन कायद्याने तसं लिहिता येतं. आणि त्या वेळी माझ्या वतीने बोलायला माणूस कोण, तर दादा. तुम्ही खाली 'मान्य' लिहून सही करायची."

सोपं कसलं रे? तू लिहिलंयस, मला बांधू नये. इंजेक्शन द्यायचं तर आधी मला विचारावं, मी ऐकण्याच्या स्थितीत नसलो तरी आधी मला सांगावं. माझे केस कापू नयेत. कुत्र्याला भात कोण घालतंय ते मला रोज कळवावं. आता सांग, तुझं डोकं ठिकाणावर नसेल तेव्हा तुला विचारून काय उपयोग? आणि तू नाही म्हणालास तर मी काय हात जोडून उभं राहायचं? काही बरंवाईट झालं तर गाव म्हणेल, थोरल्याने सही केली होती.

अठ्ठ्याण्णव साली असला कागद नव्हता तेच बरं. मी ठरवलं, तुला टेम्पोत घातलं, सात महिने इस्पितळात ठेवलं, म्हणून तू आज वाडीत केळी लावतोयस. हे विसरू नको.

आई गेल्यापासून तू तिथे एकटा आहेस. विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा आहे. सरळ आमच्याकडे राहायला ये. चौथा मजला आहे, पण सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत.

तुझा,
रामनाथ

नंदाखाल
१९ जानेवारी

दादा, नमस्कार.

पत्र मिळालं. पिनकोड याही वेळी बरोबर होता.

फेलिशियाच्या हाती सुकेळीचा पुडा पाठवलाय. यंदा राजेळी केळीचे घड चांगले आले आणि ऊनही छान पडलं, म्हणून मनासारखी वाळली. वहिनीला दे. तू खाऊ नको, तुला साखर आहे. खाशीलच, पण मग खाल्ल्यावर काय काय झालं ते मला लिहून पाठवू नको.

खिडक्यांना जाळ्या आहेत म्हणून राहायला ये, असं आमंत्रण मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. लोक पाहुण्याला निदान खिडकीतून समुद्र तरी दाखवतात.

डोकं ठिकाणावर नसताना काय विचारायचं, असं तू म्हणतोस. म्हणून तर डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवतोय. केळीला टेकू आपण वारा सुटायच्या आधी लावतो, घड आडवा झाल्यावर नाही. हे तूच मला शिकवलंस. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, अगदी जिवावरचा प्रसंग आला तर हा कागद आडवा येत नाही, आधी जीव वाचवतात. तेव्हा गावाची काळजी सोड.

आता एक गोष्ट, जी सत्तावीस वर्षांत तुला बोललो नाही. त्या दिवशी मला बांधायला काकांनी काथ्याची दोरी आणली. तू म्हणालास, "काथ्या नको, त्याला काचेल. सोपटाची वळा." मी ऐकलं होतं. मी भ्रमात होतो, बहिरा नव्हतो. केळीच्या सोपटाची दोरी मऊ असते. खरंच काचली नाही. तुझी माया मला तेव्हाही कळली, दादा. पण मला कुठे नेताय ते कोणीच सांगितलं नाही. मला वाटलं, खाडीत टाकायला नेतायत. अख्खा रस्ता मी मरायला चाललो होतो. "दवाखान्यात जातोय" एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता कदाचित. पण ऐकलं असतं.

मी गोळ्यांनी बरा झालो आणि त्या मी रोज घेतो. दोन हजार सोळानंतर एकदाही घसरलो नाही. कागदावर तुझं नाव घातलंय ते उपकार म्हणून नाही. मला तूच हवास.

आगाऊ कुत्रा पायाशी बसलाय. तुला नमस्कार सांगतो.

शत्रुघ्न

विरार
२८ जानेवारी

चि. शत्रुघ्न,

सोपटाचं वाचलं. दोनदा वाचलं. आता दुसरं लिहितो.

हे सरकार मला कळत नाही. स्कूटरवर हेल्मेट घातलं नाही तर दंड, का तर डोकं फुटू नये. आणि त्याच डोक्यात आतून बिघाड झाला तर सरकार म्हणतं, डोक्याच्या मालकाला विचारा! बिल्डिंगच्या गच्चीवर पापड वाळत घालायचे तर सोसायटीची परवानगी लागते. माणूस भ्रमिष्ट होऊन रस्त्याने निघाला तर मात्र तो स्वतंत्र. हे स्वातंत्र्य आहे की अंग काढून घेणं?

माझी ही बडबड ऐकून सूनबाईने, तेजस्वीने, मला एक नंबर दिला. सरकारचाच आहे, फुकट, मनाच्या आजारासाठी, मराठीत बोलतात. मी तुझ्याबद्दल विचारायला लावला. एक मुलगी होती, आवाज गोड. मी अठ्ठ्याण्णवपासून सगळं सांगितलं. वीस मिनिटं तिने ऐकलं आणि मग म्हणाली,

"आजोबा, तुमचे भाऊ झोपतात का नीट?"

"घोरतो."

"जेवतात?"

"मासळी असली की तीनदा भात घेतो."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हाला झोप लागते का?"

मी म्हटलं, "बाई, आजारी तो आहे, चौकशी माझी कसली करतेस?" आणि ठेवून दिला. हंसा, तुझी वहिनी, शेजारी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चला, सरकारला तरी कळलं." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिला ते आवडलेलं दिसलं.

आता मुद्द्याचं. आगाशीचा जेन्सन रिक्षावाला परवा भेटला. मंगळवारी सकाळी त्याने तुला वाडीमागच्या बावखलात पाहिलं. कमरेएवढ्या पाण्यात उभा होतास. हातवारे करून मोठ्याने बोलत होतास, हसत होतास, आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. शत्रुघ्न, अठ्ठ्याण्णवला असंच सुरू झालं होतं. तेव्हा तू केळींशी बोलायचास. खरं सांग, गोळी चुकली का? थंडीचे दिवस, पाण्यात कशाला उतरतोस?

रामनाथ

नंदाखाल
४ फेब्रुवारी

दादा,

बावखलात उतरलो होतो कारण जलपर्णी पाण्यात वाढते, झाडावर वाढत नाही. ती काढली नाही तर उन्हाळ्यात केळीला पाणी कुठून देणार?

आणि बोलत होतो रुडॉल्फशी. तो काठावरच्या माडावर चढून नारळ उतरवत होता. जेन्सनने खाली पाहिलं, वर पाहिलं नाही. अर्धा नंदाखाल सकाळी माडावर असतो. खालून त्यांच्याशी बोलणारा प्रत्येक जण वेडा ठरवायचा झाला तर सरकारला इथे नवीन इस्पितळ बांधावं लागेल. रुडॉल्फला मी हे सांगितलं तर तो म्हणतो, "रामनाथदादाला सांग, पुढच्या वेळी मी खाली उतरून बोलेन, पण मग नारळ त्यांनी उतरवायचे."

हेल्मेटचं तुझं वाक्य मी फेलिशियाला वाचून दाखवलं. ती खूप हसली. मग म्हणाली, तीस वर्षं नर्स होते, वॉर्डात पेशंटला कोणी 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. सरकारबद्दल तू म्हणतोस ते अर्धं खरं आहे. कायदा लिहिला, पण गावात डॉक्टर दिला नाही. मला तालुक्याच्या दवाखान्यात तीन-तीन तास बसावं लागतं. त्याबद्दल तू हवं तेवढं रागाव, मीही येतो जोडीला. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलंय, तर ते सरकार आहे म्हणून मी नको म्हणू का?

डॉक्टरांची पुढची तारीख बारा मार्च. त्या दिवशी हा कागद त्यांच्याकडे द्यायचाय. तुझं 'मान्य' आलं नाही तर फेलिशियाचं नाव घालीन. ती आत्ता म्हटलं तर आत्ता सही करेल. पण ती शेजारीण आहे. माझी बाजू परक्याने मांडली तर ती नुसती मांडली जाईल. तू मांडलीस तर ती तुला पटलेली असेल. फरक आहे.

शत्रुघ्न

विरार
११ फेब्रुवारी

चि. शत्रुघ्न,

रुडॉल्फचं वाचलं. असेल. आजारी माणसाजवळ कारण नेहमी तयार असतं, हेही मी पाहिलंय.

शनिवारी सकाळी आठला येतो. कुठे बाहेर जाऊ नको. अंघोळ करून तो निळा शर्ट घाल, तुला शोभतो. दोन जोड्या कपडे जास्तीचे धुऊन ठेव. कुत्र्याला त्या दिवशी फेलिशियाकडे बांध. पोटभर नाश्ता कर.

विशेष काही नाही. कागदाचं समोरासमोर बोलू.

रामनाथ

नंदाखाल
१७ फेब्रुवारी

दादा,

शनिवारी तू एक शब्द न बोलता रिक्षात बसलास. घरी वहिनीला काय सांगितलंस ठाऊक नाही. म्हणून मी जे पाहिलं ते लिहितो. तिला वाचून दाखव. ती हसेल, आणि तिला हसू दे.

तू आठला येणार होतास, पावणेसातला आलास. मी केळींना टेकू लावत होतो. म्हटलं, "दादा, बस, चहा घे." तू म्हणालास, "मी ठीक आहे. तू ठीक आहेस ना?" मग फाटकापर्यंत गेलास, रस्ता पाहिलास, परत आलास. पंपाच्या खोलीचं कुलूप चार वेळा ओढून पाहिलंस. विहिरीत वाकून पाहिलंस आणि स्वतःशीच म्हणालास, "नाही, नाही, बरोबर आहे." पुन्हा फाटक.

आठला पांढरी गाडी आली. दोन दांडगे गडी उतरले, खिशावर कुठल्याशा मनोरुग्ण निवासगृहाचं नाव. माझ्याकडे आले.

"काका, फोन तुम्हीच केला होता ना?"

"मी फोन ठेवतच नाही. काय हवंय?"

"पेशंट न्यायचाय. भाऊ आहे म्हणाले. म्हातारे, किडकिडीत, एका जागी बसत नाहीत, स्वतःशी बोलतात."

आणि नेमका त्याच वेळी तू पंपामागून धावत आलास, दोन्ही हात वर करून. "हळू! हळू! बिथरेल तो! आधी मी बोलतो!"

एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हेच."

"मी नाही, तो!" तू माझ्याकडे बोट दाखवलंस.

"हो बाबा, तेच. चला, गाडीत बसून बोलू."

"अरे, फोन मी केला! मी थोरला! आजारी तो आहे, तो टेकू लावतोय तो!"

"टेकू लावतायत ना? लावू द्या त्यांना. तुम्ही या."

दोघांनी तुला दोन्ही बाजूंनी इतकं अलगद उचललं की तुझी एक चप्पल पाटात राहिली.

दादा, मला हसू आलं. इतकं की मी केळीला धरून खाली बसलो. पण गाडीचं दार लागलं तेव्हा माझं हसू संपलं होतं, आणि तरीही मी ओरडलो नाही. दोन मिनिटं. मनात म्हटलं, जाऊ दे याला जरा पुढे. कळू दे. हे पाप मी केलं, ते इथे लिहून ठेवतो.

मग धावलो. फेलिशिया चर्चमधल्या मिस्सेहून परत येत होती, तिच्या स्कूटरवर मागे बसलो. ती ओरडली, "आधी तो कोयता टाक, नाहीतर तुलाही नेतील!" बोळिंजला नाक्यावर ट्रॅफिकमध्ये ती गाडी अडकलेली, म्हणून सापडली. फेलिशियाने स्कूटर आडवी लावली.

"कागद दाखवा. कोणत्या डॉक्टरने लिहून दिलंय?"

कागद नव्हता.

"यांना विचारलंत, यायचंय का म्हणून?"

तो गडी म्हणाला, "मॅडम, पेशंटला काय विचारायचं?"

तेव्हा तू खिडकीत होतास. तुझा चेहरा मी पाहिला. मग त्यांनी दार उघडून तुला खाली उतरवलं.

गाडी कोणी बोलावली ते मी विचारणार नाही. निळा शर्ट मी घातला होता, दादा. अंघोळही केली होती. मला वाटलं, तू सही करायला येतोयस.

शत्रुघ्न

नंदाखाल
२७ फेब्रुवारी

दादा,

दहा दिवस झाले, तुझं काही नाही. वहिनीने फेलिशियाला फोन केला होता. म्हणाली, गॅलरीत बसून असतात, कुलूपसुद्धा बघत नाहीत, मला त्याचीच भीती वाटते.

रागाव. शिव्या दे. पण लिही. बारा मार्चला मी डॉक्टरांकडे जाणार.

श.

विरार
८ मार्च

प्रिय शत्रुघ्न,

गाडी मी बोलावली होती. हे पहिलं वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले.

खाडीपलीकडच्या त्या निवासगृहाचा नंबर मला एकाने दिला होता. फोनवरच्या माणसाने विचारलं, पेशंट कसा आहे? मी अठ्ठ्याण्णवचा तू सांगितलास. किडकिडीत, एका जागी न बसणारा, स्वतःशी बोलणारा. आजचा तू कसा आहेस हे मला सांगताच आलं नसतं, कारण गोळ्यांखेरीज मी तुझ्याकडे कधी पाहिलंच नाही. ते बिचारे वर्णनाला धरून माणूस शोधत आले आणि त्यांना तो सापडला.

गाडीत मी त्यांना माझं नाव सांगितलं. बिल्डिंगचं नाव सांगितलं, आधार कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले. ते म्हणाले, हो बाबा. मी म्हटलं, फोन मीच केला, नंबर तपासा. हो बाबा. मी जितकं खरं बोलायचो तितकी त्यांची खात्री पटायची. मग मी ठरवलं, गप्प बसावं. तर पुढचा मागच्याला म्हणाला, "बघ, पडले शांत." माझ्या शेजारचा माझा खांदा थोपटत होता. फार मायेने थोपटत होता. मला सगळ्यात जास्त भीती त्या थोपटण्याची वाटली. ओरडणाऱ्याला उलट ओरडता येतं, थोपटणाऱ्याला काय म्हणायचं?

आणि गंमत अशी, कुठे नेतायत ते मला ठाऊक होतं. जागा मीच ठरवली होती, रस्ताही पाठ होता. तरी वाटलं, दुसरीकडेच नेतायत. नंदाखाल ते बोळिंज, अकरा मिनिटं. तुला हे माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. तुझ्या दोन मिनिटांचं पाप वगैरे लिहिलंयस, ते खोड. माझे सात महिने आहेत. तू गप्प बस.

हंसाला तुझं पत्र वाचून दाखवलं. चप्पल पाटात राहिली तिथे ती डोळ्यांना पदर लावून हसली. शेवटपर्यंत पोचलो तेव्हाही पदर डोळ्यांनाच होता, पण हसत नव्हती. म्हणाली, "सत्तावीस वर्षं तुम्ही त्याच्यावर पहारा केलात. आता तुम्हालाच पहाऱ्याची सवय लागलीय." मग उठून आमटीला फोडणी द्यायला गेली. ती असंच करते, बोलते नि फोडणी द्यायला जाते.

सोबत वेगळ्या कागदावर माझं 'मान्य' आहे. विकी आणि तेजस्वीने साक्षीदार म्हणून सह्या केल्यात. वाचून घे. तुला बांधू देणार नाही. कुठे नेतोय ते आधी सांगेन, तू ऐकत नसलास तरी सांगेन. केसांना हात लावू देणार नाही. कुत्र्याला भात मी स्वतः घालेन, तो मला चावला तरी. पण शेवटी मी एक ओळ जोडली आहे. 'तो नाही म्हणाला आणि मला भीती वाटली, तर मी काय करीन ते मला आज ठाऊक नाही. पण त्याच्यापासून लपवून करणार नाही.' विकी म्हणाला, "पप्पा, सहीच्या कागदावर असं कोणी लिहीत नाही." म्हटलं, मी लिहिणार. खोटं 'मान्य' देण्यापेक्षा हे बरं.

सरकारचं माझं मत बदललंय असं समजू नको. तुला तीन-तीन तास बाकावर बसवतात याचा मला राग आहे. आमदाराला एक पत्र लिहायला घेतलंय. पण विचारण्याचं तेवढं त्यांचं बरोबर आहे.

आता माझं. गुरुवारी मी तो सरकारी नंबर पुन्हा लावला. ती गोड आवाजाची नव्हती, दुसरी होती. मी म्हटलं, मागच्या वेळी तुमच्या एका मुलीने मला झोपेचं विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. आणि दिलं. पहाटे तीनला उठतो, गॅस बघतो, दार बघतो, विकी घरी आलाय ना ते बघतो, मग तुझी विहीर डोळ्यांसमोर येते. किती वर्षं, तिने विचारलं. मी वर्षं सांगितली. ती म्हणाली, डॉक्टरांना दाखवा, यावर इलाज असतो. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं रे. मला वाटायचं, हा माझा स्वभाव आहे.

म्हणून बाराला तुझ्याबरोबर मीही येतोय. तुझा नंबर लागला की माझा लावू. तीन तास तू बसतोस तर मीही बसेन. बाकावर तुझ्या गोळ्या मोजणार नाही.

आणि मीही एक कागद लिहिलाय. मला कोणी थोपटू नये. गोळी कशाची आहे ते दोनदा सांगावं, मी पहिल्यांदा काळजीत असल्यामुळे ऐकत नाही. कुलूप मला एकदा बघू द्यावं, दुसऱ्यांदा हात धरावा, पण हसत धरावा. माझ्या वतीने बोलायला माणूस कोण, तिथे येऊन अडलो. हंसा म्हणाली, "माझं नाव घालू नका, मी लगेच पाठवून देईन." विकी सकाळी सातला जातो तो रात्री येतो, आणि तो माझा मुलगा आहे, त्याने मला घाबरलेलं पाहावं असं वाटत नाही. मग मी तुझं नाव लिहिलं. रामनाथचा माणूस, धाकटा भाऊ शत्रुघ्न.

तुला न विचारता लिहिलंय, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. म्हणून विचारतो. तुला चालेल का? माझी बाजू तू मांडशील का? तू नाही म्हणालास तर मी रागावणार नाही, तुझ्या जागी मी कदाचित नाही म्हणालो असतो. नाव खोडून टाकेन.

पोस्टाने हे बाराच्या आत पोचायचं नाही, म्हणून तेजस्वी उद्या वसईला माहेरी जाताना वाटेत फाटकावर देईल. तिला थांबवून घे, चहा दे आणि तिच्याच हाती चिठ्ठी दे. लांबलचक नको. एक शब्द पुरे, हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. पण उद्याच दे रे, संध्याकाळपर्यंत मी दारातच उभा असेन.

तुझा दादा,
रामनाथ